नोंद हेही लढ्याचे साधन : लैंगिक अल्पसंख्याकांचे हक्क आणि तथ्यशोधनाचे कार्य

(पक्षाच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय ठरला तेव्हा काही साथींनी एक रास्त शंका उपस्थित केली. महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव, चार कामगार संहिता, धर्मांध शक्तींचे आक्रमण असे जीवनमरणाचे प्रश्न समोर असताना समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा विषय अभ्यासवर्गात घेण्याचे प्रयोजन काय? हा मध्यमवर्गाने शहरातून आणलेला, परदेशी पैशावर वाढलेला प्रश्न नव्हे काय? या शंकेला केवळ भावनेने उत्तर देता येणार नाही. वस्तुस्थितीच्या आधारेच ते दिले पाहिजे. म्हणून मी आज तत्त्वचर्चेपेक्षा एका कामाविषयी बोलणार आहे. या समूहांवर होणाऱ्या अन्यायाची नोंद कोणी, कशी केली, त्या नोंदीतून हक्कांची मागणी कशी उभी राहिली, आणि त्यापासून आपण काय घ्यावे, एवढाच माझा विषय आहे.

कायद्याची मुळे

आधी कायदा पाहू. भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ हे या भूमीतील कोणत्याही परंपरेने दिलेले नाही. १८६० साली ब्रिटिश सत्तेने संहिता केली, १८६२ पासून ती अमलात आली, आणि ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ शरीरसंबंधाला जन्मठेपेपर्यंतची शिक्षा त्या कलमाने ठेवली. या कलमाचे वैशिष्ट्य असे की त्यात संमती आणि बळजबरी यांत फरकच केलेला नव्हता. दोन प्रौढ माणसांचा परस्परसंमतीचा संबंध आणि लहान मुलावरील अत्याचार हे दोन्ही एकाच कलमाखाली येत होते. पुढे या कलमाखालील गुन्ह्यांची जी आकडेवारी प्रसिद्ध झाली, तिच्यातून छळ किती आणि खरा गुन्हा किती हे कोणालाच सांगता येईना, त्याचे कारण हेच.

दुसरा कायदा १८७१ चा, गुन्हेगार जमातींचा. पारधी, कैकाडी, बेरड अशा जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविणाऱ्या या कायद्याच्या परंपरेशी महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांचा परिचय आहे. विमुक्तांच्या लढ्यात आपण उतरलो आहोत. परंतु त्याच कायद्याचा दुसरा भाग ज्यांना सरकारने ‘नपुंसक’ म्हटले त्या हिजडा समाजाविरुद्ध होता, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. त्यांची नावे आणि मालमत्ता पोलिसांच्या नोंदवहीत चढविली गेली. स्त्रीवेष करून सार्वजनिक जागी वावरणे, नाचणे, गाणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा झाला. निजामी राजवटीतही याच धर्तीचा कायदा झाला. तो तेलंगण उच्च न्यायालयाने रद्द केला जुलै २०२३ मध्ये! स्वतंत्र भारताच्या कर्नाटक राज्याने २०११ साली पोलीस कायद्यात ३६-अ हे कलम घालून हिजड्यांची नोंदवही ठेवण्याचा अधिकार पोलिसांना पुन्हा दिला, आणि तो शब्द काढून टाकावयास २०१६ साल उजाडले. सारांश, भटका पारधी आणि रस्त्यावरचा हिजडा यांच्या पाठीवर पडलेली काठी एकाच कायद्याची होती. हा प्रश्न परदेशातून आला असे म्हणणाऱ्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की परदेशातून आला तो हक्क नव्हे, शिक्षा आली.

नोंदीचा आरंभ

या कलमाखाली शिक्षा क्वचितच होई. धाक मात्र नित्याचा होता. उद्यानात, स्थानकाबाहेर, मुतारीजवळ एखाद्याला पकडावे, घरी आणि कारखान्यात कळवू अशी धमकी द्यावी, खिशातला पगार काढून घ्यावा आणि सोडून द्यावे, हा खरा व्यवहार होता. त्याची नोंद पोलीस ठाण्यात होत नसे, कारण लुटणारा तेथलाच होता. आणि ज्या अन्यायाची नोंद नाही, तो अन्याय राज्यकर्त्यांच्या लेखी घडलेलाच नसतो.

ही कोंडी फोडण्याचा आरंभीचा एक मोठा संघटित प्रयत्न दिल्लीत एड्स भेदभाव विरोधी आंदोलनाने केला. १९९१ साली त्यांनी भारतातील समलिंगी व्यक्तींच्या स्थितीविषयी नागरिकांचा अहवाल प्रसिद्ध केला. याच संघटनेने पोटासाठी रक्त विकणाऱ्या गरिबांचा प्रश्नही हाती घेतला होता, ही गोष्ट ‘मध्यमवर्गीय चूष’ म्हणणाऱ्यांनी विसरू नये. ऑगस्ट १९९२ मध्ये दिल्लीच्या मध्यवर्ती उद्यानातून पुरुषांना पोलिसांनी उचलल्याच्या निषेधार्थ त्यांनी पोलीस मुख्यालयासमोर निदर्शने केली. १९९४ साली तिहार तुरुंगात कैद्यांना रोगप्रतिबंधासाठी निरोध देण्यास तुरुंग प्रशासनाने नकार दिला, कारण कलम ३७७ प्रमाणे तो गुन्ह्याला हातभार ठरेल! तेव्हा या संघटनेने कलमालाच दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. अर्ज पुढे निकालात निघाला, पण वाट पडली.

बंगळूरमध्ये पी.यू.सी.एल.च्या कर्नाटक शाखेने २००१ आणि २००३ साली दोन तथ्यशोधन अहवाल काढले. दुसरा अहवाल हिजडा आणि कोठी समूहातील, देहविक्रयावर जगणाऱ्या व्यक्तींविषयी होता. या अहवालांचे महत्त्व असे की नागरी स्वातंत्र्याच्या एका सर्वसाधारण संघटनेने, कोठडीतील मृत्यू आणि दलितांवरील अत्याचार यांसाठी वापरावयाची तीच शिस्त येथे वापरली. मुंबईत १९९५ साली सुरू झालेल्या स्त्री संगम या गटाने, जो आज लेबिया या नावाने ओळखला जातो, वेगळे काम हाती घेतले. पोलिसांची काठी रस्त्यावर पडते, पण समलिंगी स्त्रीवरील हिंसा बहुधा घराच्या चार भिंतींत, जन्मदात्या कुटुंबाकडून होते. कोंडून ठेवणे, शिक्षण तोडणे, बळेच लग्न लावणे. या गटाने ५० व्यक्तींच्या सविस्तर जीवनकथा मिळवून २०१३ साली आपला अभ्यास मांडला. २०२३ साली पी.यू.सी.एल. आणि अन्य संघटनांनी याच कौटुंबिक हिंसेविषयी बंद दाराआड सुनवाई घेऊन अहवाल सिद्ध केला. दार बंद होते, कारण साक्ष देणाऱ्याचे नाव फुटले तर त्याच घरातून त्याचा शोध सुरू झाला असता.

न्यायालय पुरावा मागते

ही नोंद पुढे कशी उपयोगी पडली ते पाहा. २००१ साली नाझ फाउंडेशनने कलम ३७७ विरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. स्त्रिया, बालके आणि नागरी हक्क यांसाठी काम करणाऱ्या संघटनांची एक आघाडी पुढे या दाव्यात सामील झाली आणि तिने शपथपत्रे दाखल केली. २००१ साली लखनौत एड्स प्रतिबंधाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना पोलिसांनी अटक केली होती आणि ते ४७ दिवस तुरुंगात राहिले होते. २००४ साली बंगळूरमध्ये एका हिजडा व्यक्तीवर सामूहिक बलात्कार झाला आणि दाद मागितली असता पोलीस ठाण्यात तिचाच छळ झाला. या घटना न्यायालयापुढे आल्या त्या कोणीतरी वेळीच लिहून ठेवल्या म्हणून. २ जुलै २००९ रोजी उच्च न्यायालयाने संमतीने वागणाऱ्या प्रौढांना या कलमातून मुक्त केले. तसे करताना घटनासमितीतील डॉ. आंबेडकरांच्या भाषणातील ‘घटनात्मक नीतिमत्ता’ ही कल्पना त्याने आधाराला घेतली. बहुसंख्यांची नीती नव्हे, तर घटनेची नीती राज्यसत्तेला बांधील करते, हे त्याचे सार.

परंतु ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरविला. या निकालातील दोन मुद्दे तथ्यशोधनाचे काम करू पाहणाऱ्या प्रत्येकाने पाठ करून ठेवावेत. पहिला असा की हे लोक संख्येने अगदी अल्प आहेत आणि दीडशे वर्षांत प्रकाशित निकालांत दोनशेहून कमी खटले दिसतात. दुसरा असा की अर्जदारांनी छळाचा पुरेसा तपशील दिलेला नाही.

पहिल्या मुद्द्याचे उत्तर सरळ आहे. प्रकाशित निकाल म्हणजे वरिष्ठ न्यायालयापर्यंत पोचलेले खटले. खंडणी देऊन सुटलेला, नोकरी गमावून गाव सोडलेला, फास लावून घेतलेला माणूस त्या ग्रंथांत येतच नाही. वेठबिगारीचे किती खटले झाले यावरून वेठबिगार किती हे मोजणाऱ्यासारखाच हा प्रकार आहे. शिवाय हक्क हे डोकी मोजून वाटावयाचे नसतात. सर्वोच्च न्यायालयाच्याच नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणाच्या हक्काचा निकाल देताना ‘अल्पसंख्या’ हा युक्तिवाद अमान्य केला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने संमतीच्या संबंधांपुरते कलम ३७७ घटनाबाह्य ठरविले.

दुसऱ्या मुद्द्याचे उत्तर मात्र केवळ युक्तिवादाने देता येत नाही. ते नोंदवहीनेच द्यावे लागते. कोणत्या दिवशी, कोणत्या जागी, कोणत्या हुद्द्याच्या माणसाने काय केले, जखम कोणत्या दवाखान्यात दाखविली, किती रुपये घेतले, तक्रार नाकारली तेव्हा कोण हजर होते, हे ज्याच्यापाशी लिहिलेले नाही, त्याची बाजू सत्य असूनही दुबळी पडते. कामगाराच्या हजेरीपटाचे महत्त्व जाणणाऱ्या आपल्याला हे वेगळे सांगावयास नको.

साक्षीची भाषा

येथे भाषांतराचे काम करणारा म्हणून मला थोडे बोलू द्यावे. अशा बहुतेक अहवालांत साक्ष एका भाषेत होते आणि ती छापली जाते दुसऱ्या भाषेत. मराठी, कन्नड, दखनी, तेलुगू बोलणाऱ्याची हकीगत इंग्रजीत जाते, आणि पुन्हा मराठीत येते तेव्हा बोलणारा ओळखूही येत नाही. ‘हिजडा’ हा शब्द रस्त्यावर शिवी आहे, पण त्या समाजाच्या तोंडी ते गुरू-चेल्यांच्या घराण्याचे, परंपरेचे नाव आहे. ‘तृतीयपंथी’ हा सरकारी कागदावरचा शब्द. ‘पारलिंगी’ हा अलीकडचा. कोठी, जोगता, जोगती हे आणखी निराळे, आणि प्रत्येकामागे निराळे जीवनमान आहे. साक्षीदार स्वतःला जो शब्द लावतो तोच अहवालात राहिला पाहिजे. आपल्या सोयीसाठी सर्वांना एका शब्दात कोंबणे म्हणजे पोलिसांच्या नोंदवहीचीच रीत पुढे चालविणे होय.

तसेच सौम्य शब्दांचे. साक्षीदार म्हणते ‘मारलं’, आणि अहवालात येते ‘गैरवर्तन झाले’. साक्षीदार बळजबरी सांगते, आणि कागदावर ‘अनैसर्गिक कृत्य’ येते. या एका शब्दाने अत्याचाराचा बळी हा गुन्ह्याचा भागीदार ठरतो. कलम ३७७ ने दीडशे वर्षे संमती आणि बळजबरी यांची गल्लत केली. निदान आपल्या भाषांतराने ती करू नये.

आणि तिसरी गोष्ट संमतीची. हकीगत ही सांगणाऱ्याची मालमत्ता आहे. ती कोठे छापली जाईल, कोण वाचेल, नाव राहील की नाही, हे त्याला त्याच्या भाषेत समजावून, विचार करावयास अवधी देऊन, आणि नकार दिल्यास तो निमूटपणे मान्य करूनच पुढे गेले पाहिजे. भोपाळजवळ १९८७ साली दोन महिला पोलीस शिपायांनी परस्परांशी विवाह केला तेव्हा देशभरच्या वृत्तपत्रांनी त्यांची नावे आणि छायाचित्रे छापली. त्या दोघींची नोकरी गेली. वृत्तपत्रांचा खप झाला, दोन कष्टकरी स्त्रियांची भाकरी गेली. प्रसिद्धी आणि तथ्यशोधन यांतील अंतर याहून स्पष्ट कोणते?

आपल्या चळवळीचा हिशेब

साथींनो, या प्रश्नाशी समाजवादी चळवळीचे नाते जुने आहे, आणि ते सर्वस्वी उजळ नाही. दोन्ही बाजू सांगणे हे आपले कर्तव्य आहे.

१८९७ साली बर्लिनमध्ये डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड यांनी जर्मन दंडविधानाच्या कलम १७५ विरुद्ध अर्ज तयार केला. त्यावर सही करून १८९८ साली जर्मन संसदेत त्याची बाजू मांडणारे नेते होते ऑगस्ट बेबेल, सामाजिक लोकशाही पक्षाचे अध्वर्यू. हा कायदा खरोखरच अमलात आणावयाचा झाल्यास तुरुंग पुरणार नाहीत आणि समाजाच्या सर्व थरांतील माणसे त्यात सापडतील, अशा आशयाचा त्यांचा मुद्दा होता. हिर्शफेल्ड यांनी १९०४ च्या सुमारास बर्लिनच्या हजारो धातुकामगारांत प्रश्नावली फिरवून माहिती गोळा केली. ६ मे १९३३ रोजी नाझींनी त्यांची संशोधन संस्था लुटली आणि चार दिवसांनी तिची ग्रंथसंपदा जाळली. फॅसिस्टांना या नोंदींची भीती वाटली, यातच त्यांचे मोल आले.

ऑक्टोबर क्रांतीने झारशाहीचे दंडविधान फेकून दिले, आणि १९२२ च्या रशियन संहितेत समलिंगी संबंध हा गुन्हा राहिला नाही. परंतु १९३४ साली तो पुन्हा गुन्हा ठरला आणि १९९३ पर्यंत राहिला. त्याच १९३४ साली मॉस्कोतील एका इंग्रजी वृत्तपत्रात काम करणारे ब्रिटिश कम्युनिस्ट हॅरी व्हाइट यांनी स्टालिनना सविस्तर पत्र लिहून विचारले की समलिंगी माणूस कम्युनिस्ट पक्षाचा सभासद होण्यास पात्र आहे काय? पत्रावर अवमानाचा शेरा मारून ते दप्तरात टाकले गेले आणि १९९३ साली प्रकाशात आले. क्यूबात १९६५ ते १९६८ या काळात अनेक समलिंगी पुरुषांना श्रमछावण्यांत पाठविले गेले. २०१० साली फिडेल कॅस्ट्रो यांनी त्या अन्यायाची जबाबदारी जाहीरपणे स्वतःकडे घेतली, आणि २५ सप्टेंबर २०२२ रोजी क्यूबाच्या जनतेने सुमारे दोन तृतीयांश मतांनी नवी कुटुंबसंहिता स्वीकारून समलिंगी विवाहाला मान्यता दिली. क्रांतिकारक चळवळ चुकू शकते. चूक नोंदविणे आणि दुरुस्त करणे यातच तिचे सामर्थ्य असते.

व्हाइट यांच्या प्रश्नाचे उत्तर एक प्रकारे वेल्सच्या खाणकामगारांनी दिले. १९८४-८५ च्या संपात लंडनमधील समलिंगी स्त्रीपुरुषांच्या गटाने डुलाइस खोऱ्यातील संपकरी कुटुंबांसाठी पैसा उभा केला. १९८५ साली लंडनच्या अभिमान मोर्चात खाणकामगार आपला झेंडा घेऊन अग्रभागी चालले, आणि मजूर पक्षाच्या परिषदेत या हक्कांच्या ठरावामागे खाणकामगारांची संघटना उभी राहिली.

आपल्याकडेही वारसा आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना शास्त्रीय उत्तरे दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांची बाजू मांडण्यास उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, पण ज्ञान लपविण्याने नीती राखली जात नाही हा विचार महाराष्ट्रात रुजला.

पुढील कार्य

कलम ३७७ चा प्रश्न सुटला म्हणून काम संपले असे समजणे ही मोठी चूक ठरेल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३७७ ला समांतर कलमच ठेवलेले नाही. परिणामी प्रौढ पुरुषावर किंवा पारलिंगी व्यक्तीवर होणाऱ्या बलात्काराला त्या संहितेने बलात्काराचे कलम दिले नाही. २०१९ साली संसदेने पारलिंगी व्यक्तींविषयी कायदा केला, पण त्यांच्यावरील लैंगिक अत्याचाराला कमाल शिक्षा ठेवली दोन वर्षांची, जेव्हा स्त्रीवरील बलात्काराला किमान शिक्षा दहा वर्षांची आहे. १५ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची लिंगओळख ठरविण्याचा हक्क मान्य केला होता आणि शिक्षणात व नोकरीत आरक्षण देण्याचा आदेश दिला होता. कर्नाटकाने २०२१ साली सरकारी नोकऱ्यांत एक टक्का समांतर आरक्षण दिले. अन्य राज्यांत त्या आदेशाचे काय झाले याची विचारणा आपण केली पाहिजे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी विवाहाचा प्रश्न न्यायालयाने संसदेवर सोडला, म्हणजेच तो राजकीय लढ्याच्या क्षेत्रात आला.

पोटाचा प्रश्न तर सर्वांत मोठा. २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात ४,८७,८०३ व्यक्तींची नोंद झाली. दारात उभ्या प्रगणकाला घरच्यांदेखत खरे सांगणे किती जणांना शक्य होते याचा विचार करता हा आकडा तळाचा समजावा. कोची मेट्रोने २०१७ साली पारलिंगी व्यक्तींना नोकऱ्या दिल्या. त्यांपैकी काहींना ती सोडावी लागली, कारण कोणी भाड्याने खोली देईना. नोकरी मिळून घर न मिळणे काय असते हे दलित आणि मुस्लिम कामगाराला सांगावे लागत नाही. एकजुटीचा पाया येथे आहे.

म्हणून प्रत्येक शाखेने हाती घ्यावयाची कामे मी थोडक्यात सांगतो. आपल्या भागातील या समूहांच्या संघटनांशी त्यांच्या अटींवर संपर्क साधावा. पोलिसी छळाची तक्रार आल्यास चोवीस तासांच्या आत, संमतीने, तपशीलवार लेखी नोंद करावी आणि ती कुलूपबंद ठेवावी. २०२४ साली केंद्र सरकारच्या खात्यांनी समलिंगी जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एक कुटुंब मानावे आणि संयुक्त बँक खाते उघडण्यास आडकाठी नाही, अशी पत्रे काढली. ती आपल्या तालुक्याच्या शिधावाटप कार्यालयात आणि बँकेत पोचली आहेत काय, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे. नाही म्हटले तर लेखी नकार मागावा. तोही पुरावाच असतो. कामगार संघटनांनी मागणीपत्रकात कामाच्या जागी भेदभाव न करण्याचे कलम घालावे. आणि आपल्या सभेत, आपल्या पत्रकांत या माणसांची टिंगल होत असेल तर ती तेथल्या तेथे थांबवावी.

अखेरचे एवढेच सांगतो. ज्यांची नोंद राज्यसत्ता केवळ पोलिसांच्या वहीत करते, त्यांची नोंद जनतेच्या वहीत करणे हे या क्षेत्रातील संशोधकाचे काम आहे. आणि जनतेच्या वहीतील प्रत्येक नोंदीमागे जनतेचे बळ उभे करणे हे आपले काम आहे. पहिले काम अनेकांनी पंचवीस-तीस वर्षे चिकाटीने केले आहे. दुसऱ्या कामाला विलंब झाला आहे. तो आता होऊ नये.

इन्किलाब झिंदाबाद!